उद्याचं काय, हे देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पहाटवाट (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १२:५०

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितोच.

चार महिन्यांपूर्वी माझं कंत्राट संपलं. पुढे वाढवू, असं शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगत होते, मग एका संध्याकाळी नाही म्हणाले. तेव्हापासून मिळेल ते काम करतोय. कधी आठ दिवस सलग असतं, कधी पंधरा दिवस काहीच नसतं. घरात आम्ही पाच माणसं. आईच्या औषधांत खंड पडून चालत नाही, मुलांची फी थांबत नाही, भाड्याची तारीख तर डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी देव मानणारा माणूस आहे. लहानपणापासून रोज प्रार्थना करत आलोय. ‘ज्याने चोच दिली तो चाराही देईल’ हे आजीच्या तोंडून ऐकत मोठा झालो आणि दिवसा मला ते मनापासून पटतं. अडचण रात्रीची आहे. अडीचच्या सुमारास जाग येते. मी पांघरुणात मोबाईल घेऊन कॅल्क्युलेटर उघडतो. शिल्लक भागिले रोजचा खर्च. येईल तेवढे दिवस निभावेल. मग आईची औषधं वगळून बघतो. ती वगळता येत नाहीत, म्हणून परत धरतो. परत तेच उत्तर. परवा बायको कूस बदलून हळूच म्हणाली, "आकडा बदलला का?" ती चिडली नव्हती. तीही जागीच होती.

त्या रात्री एक गोष्ट मला फार लागली. झोपण्याआधी मी सगळं देवाच्या हवाली केलं होतं, अगदी त्याच शब्दांत. तीन तासांनी मीच जाऊन ते परत घेऊन आलो होतो.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू म्हणतो, आकाशातल्या पाखरांकडे बघा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी तुमचा पिता त्यांना खायला घालतो. आमच्या प्रार्थनागटातले एक जण म्हणाले, काळजी वाटते म्हणजे विश्वास कमी आहे. दुसऱ्या बाजूने नातेवाईक म्हणतात, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असं बसून चालत नाही. मी बसलेलो नाही हो. रोज चार ठिकाणी विचारतो. पण दोन्हीकडून ऐकून ऐकून आता मलाच कळेनासं झालंय की भरवसा ठेवणं म्हणजे सकाळी उठून करायचं तरी काय.

ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी कृपया लिहा.

---

कोरा कागद | सोमवार, रात्री १:१५

मीही जागाच आहे. माझ्याकडे उत्तर नाही, पण हा धागा मी सोडणार नाही. एवढंच सांगतो, काळजी वाटते म्हणजे विश्वास नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. तापलेल्या मुलाजवळ रात्रभर बसणाऱ्या आईला आपण असं म्हणू का?

---

मधुमालती | मंगळवार, सकाळी ७:०५

पहाटवाट, तुम्ही ज्या अध्यायाबद्दल लिहिलंत त्यातली एक जागा सहसा निसटते. ‘चिंता करू नका’ हे पंचविसाव्या वचनापासून सुरू होतं. त्याच्या बरंच आधी, अकराव्या वचनात, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं मागायला शिकवलं आहे. म्हणजे ज्याने काळजी नको म्हटलं, त्यानेच आधी मागायला लावलं, आणि तेही पोटापुरतं, साधं. गरज सांगणं हा अविश्वास असता तर ही प्रार्थना शिकवलीच नसती.

यातल्या ‘रोजची’ या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ आहे. तो इतका दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताला वाटलं, हा शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा. पुढे जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना याच शब्दाला मत्तयात एक प्रतिशब्द वापरला आणि लूकच्या शुभवर्तमानात दुसरा. कुणी त्याचा अर्थ ‘आजच्या दिवसाची’ असा लावतात, कुणी ‘येणाऱ्या दिवसाची’, कुणी ‘जगण्यापुरती’. यातला कुठलाही घ्या, वर्षभराचं कोठार त्यात मावत नाही.

आता मान्नाची गोष्ट, म्हणजे मिसरमधून सुटून वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना देवाने पुरवलेल्या अन्नाची. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ती सविस्तर आहे आणि तुमच्या प्रश्नाला ती सगळ्यात जवळची आहे असं मला वाटतं. माणशी एक ओमर, हे तेव्हाचं एक माप. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी. मापून पाहिलं तेव्हा जास्तवाल्याकडे उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. काहींनी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं, तर सकाळी त्यात किडे झाले. इथवर सगळे सांगतात. पण पुढे सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा असं सांगितलं, आणि रात्रभर ठेवलेलं तेच अन्न सातव्या दिवशी नासलं नाही. म्हणजे साठवणं मुळातच चूक नव्हतं. उद्या काही मिळणारच नाही या धास्तीने साठवलेलं नासलं, सांगितलं म्हणून साठवलेलं टिकलं.

आणखी एक. मान्ना तंबूत आणून दिला जात नव्हता. सकाळी दव उठलं की जमिनीवर दिसायचा. बाहेर पडून वेचावा लागायचा, आणि तोही ऊन चढायच्या आत, कारण उन्हाने तो वितळायचा. चाळीस वर्षं रोज सकाळी ही माणसं वाकून वेचत होती. यात खाटल्यावर बसणं कुठे आलं?

तुमचं अडीचचं गणित पाप नाही. पण त्या वेळी जमिनीवर वेचण्यासारखं काहीच नसतं. गणित सकाळी करा, उजेडात, पत्नीला शेजारी बसवून.

---

झाडाखाली | मंगळवार, दुपारी २:२०

धागाकर्त्यांचं मन दुखवायचं नाही, पण हे कुणीतरी विचारायला हवं. देव सगळ्यांना पुरवतो तर उपासमारीने माणसं मेली ती कशी? त्यांतल्या कित्येकांनी तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळकळीने हाक मारली असेल. एका लहान मुलाची प्रार्थना ऐकली जात नाही आणि माझं भाडं वेळेवर भरलं जातं, याला मी देवाची कृपा म्हणू तरी कसं? माझी स्वतःची श्रद्धा याच प्रश्नावर अडली आहे, आणि बरीच वर्षं अडली आहे. बायबलमधल्या स्तोत्र ३७ मध्ये म्हातारा झालेला कवी म्हणतो, नीतिमानाला टाकलेलं मी पाहिलं नाही. मी पाहिलंय.

---

सांजवेळ | मंगळवार, रात्री ९:४५

पहाटवाट, तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरेतुरे करते.

माझ्या यजमानांना अपघात झाला तेव्हा मुलं चार आणि सहा वर्षांची होती. ते अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. मी शिवणकाम घेत होते. काम असायचं, पैसे उशिरा यायचे. मी रोज पहाटे देवासमोर बसायचे आणि मनातलं सगळं सांगायचे. दार उघडलं की मात्र चेहरा नीट करायचे. शेजारीण विचारायची, सगळं ठीक ना? मी म्हणायचे, हो, ठीक. देवाकडे मागत होते आणि माणसांपासून लपवत होते.

एक आवाज माझ्या कानात अजून आहे. डब्यात वाटी घातली की पत्र्याच्या तळाला घासल्याचा आवाज. भरलेल्या डब्यातून असा आवाज येत नाही. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून मी वाटी हळूच, तिरकी घालायचे. एक दिवस शेजारीण तिचं भांडं न्यायला आली होती, ती दारात उभी होती आणि तिने तो आवाज ऐकला. काही बोलली नाही. संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन आली, खाली ठेवल्या आणि म्हणाली, "मला तुझा राग आलाय. इतक्या दिवसांत एका शब्दाने बोलली नाहीस." आणि तिथेच बसून रडली. मी नाही रडले, तीच रडली.

त्या रात्री मला सारफथच्या विधवेची गोष्ट कळली. आधी शंभरदा ऐकली होती. बायबलमधलं राजे, पहिलं पुस्तक, सतरावा अध्याय. एलीया हा संदेष्टा आधी करीथ ओहोळापाशी होता, कावळे त्याला अन्न आणून द्यायचे. मग ओहोळ आटला. देवाने सांगितलेला ओहोळ आटला, हे लक्षात घे. मग देवाने त्याला पाठवलं कुणाकडे? जिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल उरलं होतं, जी शेवटचं रांधायला काटक्या वेचत होती, अशा बाईकडे. आणि त्यात मडकं काठोकाठ भरलं असं कुठेही लिहिलेलं नाही. सरलं नाही, एवढंच लिहिलंय. आमचा डबाही त्या अकरा महिन्यांत कधी भरला नाही. रोज तळ दिसायचा. पण एकही दिवस मुलं उपाशी झोपली नाहीत.

तू चार ठिकाणी काम विचारतोस, चांगलं आहे. घरची परिस्थिती कुणाला सांगितलीस का? खरं खरं?

---

पहाटवाट | मंगळवार, रात्री ११:३०

सांजवेळ काकू, नाही सांगितली.

माझा एक जुना मित्र आहे, आम्ही एकत्र शिकलो. दोन महिन्यांपासून मी त्याचे फोन उचलत नाही, कारण तो विचारेल. तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ बसून राहिलो. बायकोलाही वाचायला दिला. ती म्हणाली, "त्याने तीनदा मला मेसेज केलाय, तू रागावशील म्हणून बोलले नाही."

---

समईची वात | बुधवार, सकाळी ६:३०

गीतेकडूनही थोडं लिहिते. नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक बहुतेकांना पाठ असतो: अनन्याश्चिन्तयन्तो मां ये जनाः पर्युपासते। तेषां नित्याभियुक्तानां योगक्षेमं वहाम्यहम्॥ शंकराचार्य ‘योगक्षेम’ फोडून सांगतात. जे मिळालेलं नाही ते मिळवून देणं हा योग, मिळालेलं राखणं हा क्षेम. आपल्या काळज्याही याच दोन, तिसरी नसतेच.

एक आख्यायिका सांगतात. एका गरीब पंडिताला ‘वहामि’, म्हणजे ‘मी वाहतो’, हे खटकलं. देव स्वतः ओझं कशाला वाहील, ‘ददामि’, देतो, असं असायला हवं, म्हणून त्याने पोथीतल्या त्या शब्दावर रेघ मारली. त्याच दिवशी तो घरी नसताना एक मुलगा डोक्यावर शिधा घेऊन त्याच्या दारी आला, अंगावर ओरखडे उमटलेले. देणारा दुरूनही देतो, वाहणाऱ्याला मात्र आपल्या दारापर्यंत चालत यावं लागतं. काल सांजवेळताईंच्या दोन पिशव्या वाचल्या आणि मला तो मुलगा दिसला.

ज्याला हे आश्वासन दिलं, त्याच अर्जुनाला तिसऱ्या अध्यायात सांगितलं आहे, ‘शरीरयात्रापि च ते न प्रसिद्ध्येदकर्मणः’. कर्म टाकलंस तर देहसुद्धा चालणार नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची आहेत, तेव्हा एकाच्या आधाराने दुसरं खोडता येत नाही.

---

अबोली | बुधवार, दुपारी १२:१०

मी समुपदेशक आहे, त्या बाजूने लिहिते. श्रद्धेबद्दल बोलायला इथे जाणती माणसं आहेत.

पैशाची खरी चणचण असताना काळजी वाटणं हे मन शाबूत असल्याचं लक्षण आहे. पण काळजी जवळजवळ रोज, सहा महिने किंवा जास्त काळ, आवरेनाशी झाली, सोबत झोप, एकाग्रता, स्नायूंचा ताण, चिडचिड हे सुरू झालं, तर तो चिंताविकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. त्याला ‘विश्वास कमी पडतो’ म्हणणं म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर आणखी एक दगड ठेवणं. प्रार्थनागटात असं म्हणणाऱ्यांना प्रेमाने थांबवा.

आमच्याकडे एक साधा उपाय वापरतात. काळजीसाठी दिवसातली वीस-पंचवीस मिनिटं ठरवायची, शक्यतो संध्याकाळी, पण झोपेच्या अगदी जवळ नाही. रात्री विचार आला की एका ओळीत लिहून ठेवायचा, ‘उद्या सहा वाजता’ असं स्वतःला सांगायचं आणि वही मिटायची. विचार दाबायचा नाही, त्याला वेळ द्यायची. मोबाईल मात्र खोलीबाहेर.

आणि एलीयाचा विषय निघालाय तर एकोणिसावा अध्यायही वाचा. तो झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याच्याशी विश्वासाबद्दल एक शब्द बोलत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो. मग उठवून परत खायला देतो. माझ्या कामात मला या प्रसंगाचा फार आधार वाटतो.

---

रानपाखरू | बुधवार, रात्री ८:००

मी पक्षी बघतो. गेली वीस वर्षं. पाखरांबद्दलचं ते वचन मी लोकांकडून ऐकतो तेव्हा त्यात एक निवांत पाखरू असतं. मी तसं पाखरू अजून पाहिलेलं नाही.

थंड प्रदेशातला चिमुकला पक्षी हिवाळ्यातल्या एका रात्रीत वजनाचा जवळजवळ दहावा भाग गमावू शकतो, नुसतं अंग ऊबदार ठेवण्यात. उजाडताच तो कामाला लागतो, कारण तेवढं वजन संध्याकाळपर्यंत परत भरून काढायचं असतं. माझ्या खिडकीसमोरच्या फांदीवर एक छोटा पक्षी येतो. सालीची प्रत्येक भेग बघतो. एक, दोन, पाच, अकरा. बाराव्या भेगेत अळी सापडते. आधीच्या अकरांचा राग त्याच्या हालचालीत कुठेही नसतो, तो तेराव्या भेगेकडे वळलेला असतो. हे मी तासन्‌तास पाहिलंय.

लूकच्या बाराव्या अध्यायात पाखरांच्या जागी नेमके कावळे आहेत, ज्यांना ना कणगी ना कोठार. आता गंमत नाही, खरं सांगतो, कावळ्याच्या कुळातले पक्षी अन्न लपवून ठेवण्यात पटाईत असतात. त्याच कुळातला क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा पक्षी एका हंगामात पाइनच्या हजारो बिया जमिनीत पुरतो आणि महिन्यांनंतर बर्फाखालून शोधून काढतो. म्हणजे देवाने त्यांना खायला घातलं ते चोचीत घास भरवून नाही. चोच दिली, शोधायची नजर दिली, लपवलेलं आठवायची बुद्धी दिली. आणि विसरलेल्या बियांतून झाडं उगवतात, ज्यांवर पुढे दुसरेच जगतात.

---

किनारा | बुधवार, रात्री १०:२५

रानपाखरू, तुम्ही लिहिलंत तेच आमच्याकडे थेट शब्दांत आहे. तिर्मिझीच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे: तुम्ही अल्लाहवर खराखुरा भरवसा ठेवलात तर तो पाखरांना देतो तसं तुम्हांलाही देईल, ती सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. माझे वडील ‘निघतात’ या शब्दावर बोट ठेवायचे. घरट्यात बसून राहतात असं म्हटलेलं नाही.

त्याच संग्रहात उंटाची गोष्ट आहे. एकाने विचारलं, उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर मिळालं, बांध आणि मग भरवसा ठेव. आम्ही याला तवक्कुल म्हणतो. बांधण्याचं काम माझं. रात्री दोरी तुटेल का, ही माझ्या हातातली गोष्ट नाही, आणि तिथेच माझी झोप उडते हे मी कबूल करतो. पहाटवाटभाई, तुमच्यासाठी आज दुआ मागितली आहे.

---

कोरा कागद | गुरुवार, सकाळी ९:१५

परवा लिहिलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात जॉर्ज म्युलर घोळत होता. मूळचा प्रशियातला, जन्म १८०५. १८३० मध्ये त्याने ठरलेला पगार घेणं सोडलं. १८३६ मध्ये ब्रिस्टलला स्वतःच्या भाड्याच्या घरात अनाथ मुलींसाठी आश्रम काढला. १८७० पर्यंत पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, एका वेळी दोन हजारांवर मुलं राहतील एवढ्या. १८९८ मध्ये तो वारला तोवर दहा हजारांहून जास्त मुलं तिथे वाढली होती. कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही, फक्त देवाला सांगायचं, हा त्याचा नेम.

तरुणपणी मला वाटायचं, भरवसा असावा तर असा. मी तसं करून पाहिलं. कुणाला काही सांगितलं नाही आणि पार खचलो. फार नंतर लक्षात आलं की म्युलर एक एक देणगी, अगदी छोटी नाणीसुद्धा, वहीत नोंदवायचा आणि दरवर्षी हिशेब छापायचा. कागद-पेन्सिल त्याने सोडली नव्हती. आणि बायबलमधल्या प्रेषित पौलाकडे पाहा, तो तंबू शिवायचा, गरजू मंडळ्यांसाठी उघड वर्गणी मागायचा. करिंथच्या लोकांना मागताना त्याने मधुमालतींनी वर लिहिलेलं मान्नाचंच वाक्य वापरलं आहे, जास्तवाल्याचं उरलं नाही, कमीवाल्याला कमी पडलं नाही. वाळवंटात वरून जी बरोबरी झाली होती ती आता तुमच्या हातून व्हायला हवी, असं तो सांगतोय. तेव्हा म्युलरचा नेम त्याला झेपला, तो सगळ्यांसाठी आहे असं मी आता मानत नाही. सांजवेळ काकूंनी सांगितलेला मार्ग मला जास्त जवळचा वाटतो.

एक शंका उरते. मी दरमहा थोडी बचत करतो. ते विश्वासात बसतं का?

---

मधुमालती | गुरुवार, दुपारी १:४०

बसतं. बायबलमधल्या योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, आणि ते देवाने दाखवलेल्या स्वप्नावरून. उलट लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत माणूस मोठी कोठारं बांधायला निघतो, त्याला ‘मूर्खा’ म्हटलं आहे. त्या माणसाचं बोलणं मोजून बघा. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. दुसरं माणूसच नाही त्यात. योसेफाच्या कोठारातून देशोदेशीची माणसं धान्य घेऊन गेली.

---

झाडाखाली | शुक्रवार, रात्री १०:५०

तीन दिवस सगळं वाचतोय. माझ्या प्रश्नाला कुणी घाईने उत्तर दिलं नाही, याबद्दल आभार.

सांजवेळताईंच्या शेजारणीवर मी अडकलो. ती त्या दिवशी भांडं न्यायला आली नसती तर? अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांवर जे मांडलं ते आठवलं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, पण त्यांच्या मांडणीप्रमाणे त्या वर्षी धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. धान्य होतं. मरणाऱ्यांच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती आणि ज्यांनी पोहोचवायचं त्यांनी पोहोचवलं नाही. म्हणजे इतकी वर्षं देवाला विचारत होतो, तो प्रश्न निदान अर्धा माणसांना विचारायला हवा होता. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे, भाऊ किंवा बहीण उघडी असेल, रोजच्या अन्नाला महाग असेल, आणि तुम्ही नुसतं ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणालात तर काय उपयोग?

अर्धा प्रश्न अजून तसाच आहे. अवर्षण, रोगराई, ज्यात कुणाचाच हात आखडलेला नसतो, त्याचं काय, मला माहीत नाही. हबक्कूक संदेष्टा म्हणतो, अंजिराला फूल आलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. त्या ‘तरी’पर्यंत मी पोहोचलेलो नाही.

पहाटवाट, तुमचं काम कोणत्या प्रकारचं, ते व्यनित (खासगी निरोपात) कळवाल का? एक-दोघांना विचारू शकतो.

---

सांजवेळ | शनिवार, सकाळी ८:२०

झाडाखाली, ती आली नसती तर काय, हे मीही किती वेळा मनात घोळवलंय. उत्तर नाही माझ्याकडे. पण तेव्हापासून मी कुणाच्या दारात गेले की कान देऊन ऐकते.

---

पहाटवाट | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

मित्राला फोन केला. पहिली दोन मिनिटं नीट बोलताच आलं नाही. तो म्हणाला, "मला वाटलं माझंच काही चुकलं." मी माझ्या लाजेपायी त्याला दोन महिने असं वाटू दिलं, हे मला जास्त जड गेलं. त्याने लगेच काही केलं नाही, त्याच्या हातात काही नव्हतंही. पण संध्याकाळी घरी आला आणि जमिनीवर बसून आमच्याबरोबर हिशेब मांडला. त्यानेच विचारलं, औषधांचं डॉक्टरांशी बोललास का? आम्ही कधी बोललोच नव्हतो. डॉक्टरांनी तीनपैकी दोन औषधं त्याच घटकांची, कमी किमतीची लिहून दिली. घरमालकांना मी तारखेच्या आधी जाऊन सांगितलं. त्यांनी अर्धं आता आणि अर्धं पुढच्या महिन्यात, याला होकार दिला. चेहरा फारसा प्रसन्न नव्हता, पण होकार दिला.

झाडाखाली यांनी ज्यांचा नंबर दिला त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालंय, दोन महिन्यांपुरतं. पुढचं माहीत नाही. एक काम मला वेळेअभावी घेता येत नव्हतं, ते माझ्यासोबत कमी झालेल्या एका सहकाऱ्याला कळवलं. तोही फोन उचलत नव्हता. मग मी त्याच्या घरीच गेलो.

अबोलीताई, वही ठेवली आहे. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, मी आणि बायको. सगळं त्यात. एका रात्री तरीही साडेतीनपर्यंत जागा होतो, ते लपवत नाही. मोबाईल बाहेर असल्यामुळे आकडेमोड करता आली नाही. अंधारात ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणत राहिलो. ‘आज’पाशी थांबलो, परत पहिल्यापासून. कधीतरी डोळा लागला.

काकू, आईला हा धागा वाचून दाखवला. तुमचा डब्याचा आवाज आला तिथे तिने मला थांबवलं. म्हणाली, "आपल्याकडेही होता तसा. तू लहान होतास, तुला कळू दिलं नाही." मग ती बराच वेळ त्या दिवसांबद्दल बोलत होती. कोण कोण आलं होतं, कुणी काय आणलं होतं, सगळी नावं तिला पाठ आहेत.

उद्या पहाटे साडेपाचला निघायचंय. बाकीच्यांना उत्तरं उद्या रात्री लिहितो.